ओंकारला, भुताच्या गोष्टीविषयी

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, ती भुताची गोष्ट आता बाजूला ठेवतोय. का, तर सर वर्गात म्हणाले, एकाच प्रकारचे सिनेमे काढतो तो कारागीर, कलावंत नव्हे. तेव्हा मी काही बोलले नाही, समोर गिऱ्हाईक उभं होतं. पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

बाळा, मी सव्वीस वर्षं फक्त ब्लाऊज शिवतेय. ड्रेस नाही, पडदे नाहीत. लोकांना वाटतं, हिचं रोजचं तेच. पण दोन बायकांचे खांदे सारखे नसतात रे. रोज एकाच खांद्यावर जड पर्स अडकवून लोकलने जाणारीचा तो खांदा किंचित उतरलेला असतो. दोन्ही बाजू एका मापाने बेतल्या की तिकडे मुंढ्याशी, बाही जोडतो तिथे, चुणी पडते. पहिली चार वर्षं मला चुणी दिसायची, खांदा दिसायचा नाही. मी शिवण उसवून पुन्हा घालायचे, चुणी तिथेच. बाई काही न बोलता ब्लाऊज घेऊन जायची आणि परत यायची नाही. दहा तऱ्हांचं शिवत राहिले असते तर तो खांदा मला दिसलाच नसता.

लॉकडाऊनमध्ये तूच मला ओझू या जपानी दिग्दर्शकाचे सिनेमे दाखवलेस. घर तसंच, लेकीचं लग्न तेच, कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर. मी कंटाळून म्हटलं, हे तर मागचंच. तू म्हणालास, शेवट बघ. 1949 च्या ‘लेट स्प्रिंग’मध्ये लेकीला सासरी पाठवून आलेला बाप एकटा सफरचंद सोलतो. साल खाली पडते, मान झुकते. 1962 च्या ‘ॲन ऑटम आफ्टरनून’मध्ये पुन्हा तसाच बाप, नटही तोच, तेरा वर्षांनी म्हातारा झालेला. तो स्वयंपाकघरात बसून किटलीतलं ओतून घेतो. गोष्ट तीच, पण पहिल्या वेळी मला वाईट वाटलं आणि दुसऱ्या वेळी आपलं रिकामं स्वयंपाकघर दिसलं. तू तेव्हा नुकताच पुण्याला जायचं म्हणत होतास. तो सिनेमा आला त्याच्या पुढच्या वर्षी ओझू गेलेच. त्यांना कारागीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डला दिग्दर्शनाची चार ऑस्कर मिळाली, पण ज्या घोडेस्वारांच्या सिनेमांसाठी जग त्याला ओळखतं, त्यातल्या एकासाठीही नाही, हेही तूच सांगितलंस. रहस्याचे, भीतीचे सिनेमे काढणाऱ्या हिचकॉकला पाच वेळा नामांकन आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर एकदाही नाही. म्हणजे सरांचं मत नवं नाही. आपल्याकडे अनंत माने म्हटलं की तमाशापट. त्यांचा 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. त्या गर्दीला फक्त ढोलकी ऐकायची होती, असं मला वाटत नाही. फडावरच्या बाईचं दुःख तिथे दिसत होतं.

सर अगदीच चुकले असंही नाही. जुना कागदी नमुना नव्या कापडावर ठेवून कात्री चालवणारे असतातच. भाग दोन, भाग तीन, तेच दार करकरतं, तेच मांजर उडी मारतं. त्यांनी माप घेणं सोडलेलं असतं. पण सगळ्या तऱ्हांचे सिनेमे काढणारेही माप घेणं सोडतात, मग एका प्रकाराला दोष कशाला?

तुझी गोष्ट मी दोनदा वाचली. पुनर्विकासाला रिकामी झालेली इमारत, एकाच खोलीत दिवा, आणि ती आजी रोज दोन कप चहा गाळते ते पान. तिथे माझा हात थांबला. नंतर आरशात बाई दिसते तो भाग मात्र कुठूनतरी उचलल्यासारखा वाटतो, तो काढ. दुसऱ्या कपावर साय धरते एवढंच ठेव, मला भीती तिथेच वाटली.

शनिवारी येशील तेव्हा वही घेऊन ये. गणपतीच्या ऑर्डरी आहेत, तरी रात्री दहानंतर मी मोकळी असते.

तुझी
आई