क्वार्क तारा ‘थंड’ नाही आणि ‘सापडलेला’ही नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘थंड क्वार्क तारा सापडला’ हे टिपण वाचले. असा विषय मराठीत आला याचा फार आनंद झाला, पण मथळ्यातले ‘थंड’ आणि ‘सापडला’ हे दोन्ही शब्द चुकले आहेत. (क्वार्क तारा म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्क नावाच्या सूक्ष्म कणांचाच बनलेला, कल्पनेतला तारा.)

टिपणातल्या आरएक्स जे१८५६ ताऱ्याचे तापमान सुमारे 7 लाख अंश आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा! 2002 मध्ये चंद्रा या अंतराळ दुर्बिणीच्या क्ष-किरण निरीक्षणांवरून तो न्यूट्रॉन ताऱ्याच्या (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरणाऱ्या अतिघन गोळ्याच्या) मानाने फारच लहान वाटला, म्हणून क्वार्क ताऱ्याची चर्चा झाली. पुढे दृश्य प्रकाशाचाही हिशेब धरला, तेव्हा तो नेहमीच्या न्यूट्रॉन ताऱ्याएवढाच निघाला. म्हणजे आपल्या इंदूरच्या राजवाड्यापासून महूपर्यंतच्या अंतराएवढा, वीस-पंचवीस किलोमीटर रुंद, आणि वजन सूर्याहून जास्त.

पोळ्या झाल्यावर ओट्यावर उतरवलेला तवा वरून धग सोडत निवतो. न्यूट्रॉन आणि क्वार्क तारे मात्र आधी पोटातून निवतात. न्यूट्रिनो नावाचे, कशातही सहसा न अडकणारे कण आतली उष्णता घेऊन थेट बाहेर पडतात. क्वार्क द्रव्यात ही गळती फार वेगाने होऊ शकते, पण क्वार्कांच्या जोड्या जमल्या तर तीच मंदावते. उलट गाभ्यात प्रोटॉन पुरेसे असतील तर साधा न्यूट्रॉन ताराही झपाट्याने निवतो. तेव्हा नुसत्या तापमानावरून निकाल लावता येत नाही.

उघड्या, म्हणजे वर साध्या द्रव्याचे कवच नसलेल्या क्वार्क ताऱ्याचे तेज तर त्याहून नवलाचे. त्याचा पृष्ठभाग चांदीच्या गोळ्यासारखा प्रकाश परतवणारा, म्हणून स्वतः क्ष-किरण फारसे न सोडणारा असेल. मात्र तो अतितप्त असताना पृष्ठभागावरच्या प्रचंड विद्युत क्षेत्रातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) यांच्या जोड्या उसळतील. इतर ताऱ्यांचे तेज एका मर्यादेपलीकडे गेले की प्रकाशाचा दाबच त्यांचे द्रव्य उधळून लावतो. क्वार्कांना तीव्र बलाने, म्हणजे अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलाने, जखडलेले असल्याने या ताऱ्याला ती मर्यादा नाही. हे सारे गणितातले आहे. असा तारा अजून कोणी निर्विवाद दाखवलेला नाही.

माझ्याकडे शिकायला येणारी आठवीतली मुलगी ते कात्रण वहीत चिकटवून घेऊन आली होती. तिच्यासाठी तरी दुरुस्ती छापावी. सिमरोलच्या आयआयटीतले संशोधक सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ॲलिस प्रयोगात क्वार्क द्रव्यावरच काम करतात. त्यांच्यापैकी कोणाकडून या विषयावर सविस्तर लेख मिळवता आला तर जरूर पाहावे.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका,
लोकमान्य नगर, इंदूर