घरबसल्या मास्टर्स करण्याआधी

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सांभाळून सायबर सुरक्षेत दूरस्थ मास्टर्स करायचा तुझा बेत मला पटला. पण विद्यापीठाच्या नावावर भुलू नकोस. आधी विषयवार अभ्यासक्रम उघड आणि गृहपाठ काय देतात ते बघ. एकाच नावाच्या दोन पदव्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकीत धोरण, कायदा, जोखीम. दुसरीत सी आणि असेम्ब्ली या संगणकभाषा, क्रिप्टोग्राफी म्हणजे सांकेतिक लेखनाचं शास्त्र. जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन मास्टर्सला तर माहिती सुरक्षा, धोरण आणि सायबर-फिजिकल प्रणाली (खरी यंत्रं चालवणाऱ्या संगणकप्रणाली) असे तीन वेगळे फाटे आहेत. तुला मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, उलगडायचंय, मग पहिल्याखेरीज बाकीच्यांकडे बघूही नकोस.

खरी पदवी लॅबमध्येच मिळते. बफर ओव्हरफ्लोचा, म्हणजे राखीव जागेपेक्षा जास्त माहिती कोंबून प्रोग्राम ताब्यात घेण्याचा गृहपाठ घे. जीडीबीत (प्रोग्राम टप्प्याटप्प्याने तपासायच्या साधनात) सगळं बिनबोभाट चालतं, बाहेर चालवलं की प्रोग्राम कोसळतो. कारण मेमरीतले पत्ते दर वेळी बदलणारं संरक्षण, एएसएलआर, जीडीबी आपणहून बंद ठेवतो; शिवाय लाइन्स आणि कॉलम्स ही दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामला सुरुवातीला मिळणारी मूल्यं) स्वतःची घालतो, त्यामुळे स्टॅक या मेमरीच्या भागातले पत्ते सरकतात. दोन्हीकडे एएसएलआर बंद आणि एन्व्हायर्नमेंट सारखं ठेव, शेलकोडच्या (आपण घुसवलेल्या कोडच्या) आधी नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या, सूचनांची रांग लाव. वर्गात हे शेजारचा दोन मिनिटांत सांगतो. घरी एकटीची रात्र जाते. म्हणून चर्चामंचावर शिक्षक-सहायक किती वेळात उत्तर देतात, हे आजी विद्यार्थ्यांना प्रवेशाआधीच विचार.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम हवीच, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) एकदम चालवावी लागतात. एआरएम चिपचा घेऊ नकोस. लॅबच्या इमेज (तयार व्हर्च्युअल मशीनच्या फायली) बहुधा एक्स८६ या दुसऱ्या जातीच्या चिपसाठी असतात आणि एम्युलेशनवर, म्हणजे त्या चिपची नक्कल करून, त्या रडतखडत चालतात. प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट घे, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेव. मालवेअर उघडताना मशीनचं नेटवर्क तोड, शेअर्ड फोल्डर आणि क्लिपबोर्डही बंद कर. या शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात.

परीक्षेला ऑफिसचा लॅपटॉप वापरू नकोस. ॲडमिन हक्क नसले की प्रॉक्टरिंगचं, म्हणजे परीक्षेवर नजर ठेवणारं, सॉफ्टवेअर बसतच नाही, आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत बसवायची पळवाट चालत नाही. मुदतीच्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतील तर आपल्या घड्याळाप्रमाणे कॅलेंडरात लिहून ठेव.

एका विषयाला आठवड्याला १० ते १५ तास धर. नोकरीबरोबर सत्राला एकच विषय झेपतो. १० विषय असतील, तर वर्षाला तीन सत्रं धरूनही तीन वर्षांवर जातं. लांब वाटेल, पण दोन विषय घेऊन त्यातला एक मध्येच सोडण्यापेक्षा ते परवडलं.

पदवी झाली की सीआयएसएसपी हे सुरक्षा क्षेत्रातलं व्यावसायिक प्रमाणपत्र लगेच मिळेल, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवीमुळे त्यातलं फार तर एक वर्ष सुटतं.

अर्ज भरण्याआधी सी मधले पॉइंटर (मेमरीतले पत्ते धरून ठेवणारी व्हेरिएबल्स) पुन्हा घोटून घे. अभ्यासक्रमाची पानं मिळाली की मलाही पाठव.

तुझी,
आई