बाबांच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

बाबांचं बोलणं तुम्ही परत आणलंत, असं कोणी म्हणालं की तुम्ही त्याला तिथंच अडवता. बरोबरच आहे. बोलणं पूर्ण आलेलं नाही आणि किती येईल याचा शब्द तुम्ही कधी दिला नाहीत. आभार त्याचे नाहीतच. आमच्या घरात पुन्हा वाद होतात, बाबांचं मत विचारलं जातं आणि ते नीट कळेपर्यंत सगळे थांबतात, त्याचे आहेत.

स्ट्रोकनंतर तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा बोलण्याचा विषयच काढला नाहीत. चमच्याने थोडं पाणी पाजलंत, गळ्यावर बोटं ठेवून गिळणं पाहिलंत आणि दर घोटानंतर त्यांना 'आ' म्हणायला लावलंत. स्पीच थेरपिस्टचा गिळण्याशी काय संबंध, हे आईला कळेना. घोटानंतर आवाज ओलसर, घरघरता झाला तर पाणी स्वरयंत्रापाशी रेंगाळत असू शकतं. ठसका न लागताही ते श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, हे तुम्ही समजावलंत. त्यातही पातळ पाणी जास्त धोक्याचं, कारण ढिले पडलेले स्नायू सावरायच्या आत ते घसरून जातं. म्हणून काही काळ पाणीसुद्धा दाटसर करून दिलं. बाबांना ते अजिबात आवडलं नाही, पण ते असो.

तेव्हा त्यांच्या तोंडी एकच शब्द होता: 'तेच'. तहान लागली तरी तेच, चिडले तरी तेच. भेटायला येणारे त्यांच्यासमोरच हलक्या आवाजात विचारायचे, "यांना समजतं का हो?" मग एक दिवस तुम्ही १८६१ सालची गोष्ट सांगितलीत. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला होता. तो कित्येक वर्षं 'टॅन' एवढंच बोलायचा, पण लोकांचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं. तो गेल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. ही गोष्ट तुम्ही आम्हाला नाही, खुर्ची बाबांसमोर ओढून त्यांना सांगितलीत. दवाखान्याच्या कागदावर 'अफेजिया', म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषेत येणारी अडचण, असं लिहिलेलं होतंच; पण बुद्धी शाबूत आहे, शब्दापर्यंत पोचता येत नाही एवढंच, हे त्यांना कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. लांबलचक वाक्यं मात्र त्यांच्या हातून निसटतात, तेव्हा टीव्ही बंद करा, छोटं बोला, एका वेळी एकच मुद्दा घ्या, ही तंबी आम्हाला वेगळी मिळाली.

तुमचं काम मी सर्वांत जवळून पाहिलं ते चष्म्याच्या चित्रावर. बाबा चित्राकडे बघतात, ओठ हलतात आणि बाहेर येतं 'किल्ली'. चुकलंय हे त्यांनाच आधी कळतं. तुम्ही 'नाही' म्हणत नाही. आधी नुसत्या थांबता, आणि तुमचं ते थांबणं बघणाऱ्याला फार लांब वाटतं. मग विचारता, कुठे घालतो? बाबा डोळ्यांकडे बोट नेतात. कशासाठी? पेपर उलगडल्याची खूण. मग अर्धं वाक्य देता, "वाचताना डोळ्यांना लावतो तो..." तरीही नाही आलं तर तुमच्या ओठांवर फक्त 'च' येतो. अख्खा शब्द अगदी शेवटी, तोही क्वचित. शब्द पुरवायची घाई घरच्या माणसांनाच असते. वार मात्र बाबा सोमवारपासून रविवारपर्यंत धडाधड म्हणतात, आणि आज कोणता वार म्हटलं की अडतात. पाठ असलेली साखळी आपोआप सुटते, हवा तो शब्द हुडकून काढणं हे निराळं काम आहे, हे तुम्ही सांगितलंत म्हणून त्यांना 'मुद्दाम करतात' असं कोणी म्हणत नाही.

त्यांची वहीही तुम्हीच करायला लावलीत. घरच्यांचे फोटो, घड्याळ, शरीराचं चित्र, हो आणि नाही. सुरुवातीला त्यांच्या 'हो'चा भरवसा नसायचा, म्हणून तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा, ही युक्ती तुमची. वहीमुळे जीभ आळशी होईल, असं एका नातेवाइकांनी बजावलं होतं. झालं उलटंच. चित्रावर बोट ठेवलं की पुष्कळदा मागोमाग शब्दही येतो.

तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तुमच्या पेशाची व्याप्ती कळली. अडखळत का होईना, पण आपलं वाक्य स्वतःच पुरं करणारा तरुण, टॅबलेटवरची चित्रं दाबून आईशी भांडणारी मुलगी, स्वरयंत्र काढल्यावर गळ्याला यंत्र लावून बोलणारे आजोबा. प्रत्येकाची गरज वेगळी, आणि सगळ्यांना एकाच मापाने 'नीट' बोलायला लावायचा तुमचा हट्ट नाही.

बाबांना काय हवंय, हेही तुम्ही आम्हाला न विचारता त्यांनाच विचारलंत. आम्हाला वाटलं, सही किंवा बँकेचं काम सांगतील. त्यांनी वहीत काकांच्या फोटोवर बोट ठेवलं आणि कानाला हात लावला. धाकट्या भावाशी फोनवर क्रिकेटवरून भांडायचं होतं! फोनवर ना चेहरा दिसतो ना हातवारे, म्हणून तुम्ही व्हिडिओ कॉलपासून सुरुवात केलीत आणि एका तासाला काकांनाच बसवून गप्प राहायला शिकवलंत. ते काम बाबांच्या सरावापेक्षा अवघड होतं, हे काका स्वतः कबूल करतात. आता बाबा 'नाही', 'आउट' आणि 'मूर्ख' एवढ्यावर वाद जिंकतात.

हे पत्र मी त्यांना हळूहळू वाचून दाखवलं. 'देवदूत' हा शब्द त्यांनी काढायला लावला. आणि तुमच्या चित्रांच्या संचात टेलिफोनचं चित्र अजून डायल फिरवायच्या फोनचं आहे, ते बदला, अशी त्यांची तक्रार आहे. ती त्यांनी कशी सांगितली, ते पुढच्या वेळी त्यांनाच विचारा.

आपली,
बाबांची मुलगी