सिस्टर, तुमच्या प्रत्येक 'नको'बद्दल आभार

प्रिय सिस्टर,
जय ख्रिस्त.

माल्टा यात्रेच्या आखणीत तुम्ही केलेल्या मदतीचे आभार फोनवर मानून झाले आहेत. तरी हे पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण वसईतून, नाशिकहून, अहिल्यानगरहून पुढे जाणाऱ्या गटांनाही ते उपयोगी पडेल. तुम्ही काय सुचवलंत यापेक्षा काय गाळायला लावलंत, तेच आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. टूरवाला 'नको' कधीच म्हणत नाही; तो आणखी दोन ठिकाणं जोडून देतो.

पहिला नकार तारखेला होता. संत पौलाचं जहाज माल्टापाशी फुटलं, त्या जहाजफुटीचा सण १० फेब्रुवारीला, तेव्हा त्याच दिवशी राजधानी व्हॅलेटात असावं असं कुणालाही वाटणार. पण त्या दिवशी बेटावर सार्वजनिक सुट्टी, गल्ल्यांत मिरवणुकीची गर्दी, वरून कागदी कपट्यांचा पाऊस आणि फटाके. गुडघेदुखीवाल्यांना त्या उतारांवर उभं राहायलाही जागा मिळत नाही. शिवाय फेब्रुवारीत ईशान्येचा वारा सुटला की शेजारच्या गोझो बेटाची फेरीबोट बंद पडू शकते. पौलाच्या सोबतच्यांनाही हिवाळा सरेपर्यंत तीन महिने तिथेच थांबावं लागलं होतं. सण हुकला म्हणून दर्शन हुकत नाही, कारण पौलाच्या मनगटाचं अस्थिशेष आणि ज्यावर शिरच्छेद झाला असं मानतात त्या खांबाचा तुकडा व्हॅलेटाच्या जहाजफुटीच्या चर्चमध्येच असतो. ईस्टरनंतरचे आठवडे किंवा ऑक्टोबर, हा तुमचा सल्ला सगळ्यांनी घ्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला दगड तापतो आणि सावली मिळत नाही.

व्हिसाबाबत तुम्ही सांगितलेला नियम आम्ही आता सगळ्यांना पहिल्यांदा सांगतो: आधी रात्री मोजा, मग अर्ज कुठे करायचा ते ठरवा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशात आधी प्रवेश त्याच्याकडे. रोमला पाच रात्री आणि माल्टात तीन असतील तर तो इटलीचा अर्ज झाला, यात्रेचं नाव 'माल्टा यात्रा' असलं तरी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. पण गटाच्या सगळ्यांना एका दिवसाची अपॉइंटमेंट सहसा मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी सुरुवात करावी. पासपोर्टची मुदत परतीनंतर तीन महिने हवी, दोन पानं कोरी हवीत, विमा किमान ३०,००० युरोचा हवा. मुलांच्या खर्चाने जाणाऱ्या ज्येष्ठांनी मुलाचं हमीपत्र, त्याचे बँकेचे कागद आणि नात्याचा पुरावा जोडावा.

आपल्या आडनावांचा घोळ वेगळाच. डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा ही नावं एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात: कुठे 'डि'नंतर जागा, कुठे वरचा स्वल्पविराम, कुठे सगळं जोडून. तिकीट, विमा आणि हॉटेलची यादी पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसं छापलंय तसंच करावी. पॅरिशच्या (आपल्या धर्मग्रामाच्या) यादीवरून नावं उतरवली की गडबड ठरलेलीच.

मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) बाबतीत तुमचं काम सर्वांत मोठं. सोबतच्या फादरांकडे आपल्या बिशपांचं, धर्मगुरू म्हणून पूर्ण अधिकार असल्याचं ताजं पत्र हवं. ते नसेल तर परक्या चर्चमध्ये वेदी मिळणं अवघड, आणि त्यात गैर काही नाही. प्रत्येक चर्चला वेगळा ईमेल करायचा. त्यात तारीख, वेळ, माणसं किती, भाषा मराठी आणि सोबत धर्मगुरू किती, हे लिहायचं. ओस्ती (मिस्सातली पातळ भाकर) आणि द्राक्षरस तिथल्या सॅक्रिस्टीतून, म्हणजे चर्चच्या सामानाच्या खोलीतून मिळतात, पण आकडा आधी कळवावा लागतो. मराठी मिस्साग्रंथ आणि गीतांच्या प्रती मात्र आपणच न्यायच्या. ऐन वेळी मोबाइलवर शोधू म्हणणाऱ्यांना गुहेत रेंज मिळेलच असं नाही. देणगी पाकिटात, युरोमध्ये, मिस्साआधी द्यावी.

माल्टातल्या राबात गावची संत पौलाची गुहा लहान आहे. पोप बेनेडिक्ट १६ वे २०१० मध्ये आणि पोप फ्रान्सिस २०२२ मध्ये तिथे प्रार्थनेला उतरले होते, त्यामुळे प्रत्येक गटाला तिथेच मिस्सा हवी असते. मोठ्या गटाने वरच्या चर्चमध्ये मिस्सा करून गुहेत तुकड्यांनी उतरावं, हा तुमचा उपाय एकदम योग्य. शेजारच्या इम्दिना या तटबंदीच्या जुन्या शहरात मोठी बस शिरत नाही, वेशीबाहेरून चालावं लागतं. तिथलं कॅथेड्रल पौलाचा पाहुणचार करणाऱ्या पुब्ल्याच्या घराच्या जागी उभं आहे अशी परंपरा सांगते; आजची इमारत १६९३ च्या भूकंपानंतरची.

व्हॅलेटातलं संत जॉनचं को-कॅथेड्रल पर्यटकांना रविवारी बंद असतं. तिथली जमीन म्हणजे पूर्वी बेटावर राज्य करणाऱ्या नाइटांच्या (धर्मसंघाच्या सरदारांच्या) संगमरवरी कबरींची फरशी, म्हणून बारीक टाचांच्या चपला चालत नाहीत आणि खांदे झाकलेले लागतात. चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ चं 'योहानाचा शिरच्छेद' हे चित्र तिथेच आहे. घाईत बघायचं असेल तर न गेलेलं बरं. फ्लोरियानात संत पुब्ल्याच्या चर्चसमोरच्या मैदानात जुन्या धान्यकोठारांची गोल दगडी झाकणं वर आलेली आहेत. वयस्करांचा पाय तिथे हमखास मुरगळतो, त्यांना कडेने न्यावं.

गोझोचा दिवस पूर्ण वेगळा ठेवायला लावलात, हे फार बरं झालं. माल्टाच्या चिरकेव्वा बंदराहून गोझोच्या इम्जारला फेरीबोट साधारण २५ मिनिटांत पोचते. जाताना पैसे घेत नाहीत, परतताना इम्जारला घेतात. म्हणजे गटाची थैली सांभाळणारा संध्याकाळी सगळ्यांच्या पुढे हवा. गोझोतल्या ता पिनू या तीर्थस्थानी सकाळीच जावं. १८८३ मध्ये कार्मनी ग्रिमा या शेतकरी बाईला तिथल्या चॅपेलमध्ये हाक ऐकू आली. आज तिथे बॅसिलिका आहे आणि नवस फेडणाऱ्यांनी ठेवलेल्या वस्तूंनी खोल्या भरल्या आहेत. समोरच्या टेकडीवर क्रूसाची वाट (ख्रिस्ताच्या दुःखाचे टप्पे दाखवणारी) आहे, चढ उघडा आहे. दुपारी बरीच चर्चेस चारच्या सुमारापर्यंत बंद असतात, तेव्हा क्रम आधी टेकडी, मग मिस्सा, मग जेवण.

होडीने संत पौलाच्या बेटावर पुतळ्यापाशी जायलाही तुम्ही नको म्हणालात. लाटांत तिथल्या खडकावर उतरणं ज्येष्ठांना झेपणारं नाही. त्याऐवजी खाडीच्या काठावर बसून बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'चा अध्याय २७, त्याच जहाजफुटीचा, मोठ्याने वाचायला सांगितलंत: आधी वीस वाव (खोलीचं माप) पाणी, मग पंधरा वाव, मग पिछाडीकडून टाकलेले चार नांगर, आणि २७६ जीव. समोर समुद्र असला की हे आकडे आकडे राहत नाहीत. जहाज नेमकं कुठे फुटलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हेही तुम्ही फादरांना आधीच सांगून ठेवलंत; नाहीतर गाईड आणि फादर यांच्यात तिथेच वाद व्हायचा.

खर्चाबाबत एकच. बस आणि गाईड यांचा खर्च पूर्ण गटावर न वाटता किमान येतील तेवढ्या माणसांवर वाटावा. ऐन वेळी एक जण गळला की जोडीदाराला एकट्या खोलीचा जादा भार पडतो, ही अट नावनोंदणीच्या कागदावरच हवी. सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे आहेत, तेव्हा खोलीमागे एक अ‍ॅडाप्टर पुरे. नळाचं पाणी सुरक्षित, पण बरंचसं समुद्राच्या पाण्यापासून बनवलेलं असल्याने त्याची चव आवडत नाही. औषधांच्या चिठ्ठीवर मूळ घटकाचं नाव लिहून घ्यावं.

आणि खाऊचं. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दूधदुभतं नेता येत नाही, म्हणून पेढे आणि चिकनचं लोणचं तुम्ही स्वतःच बाद केलंत. सुकी मासळी माणशी २० किलोपर्यंत चालते, केळ्यांनाही आडकाठी नाही. तेव्हा पुढच्या तुकडीबरोबर बोंबील आणि आगाशीची सुकेळी पाठवतो आहोत. तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये किती जणी आहेत तेवढं कळवा.

तुमची,
यात्रा समिती, वसई