धावण्याची ढब आणि टिकणारी ओढ

महोदय,

पावसाळा सरत आला की आपल्याकडे मॅरेथॉनचा हंगाम सुरू होतो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, पुण्याची आणि मग जानेवारीतली मुंबईची मॅरेथॉन यांच्या बातम्यांना आपले दैनिक ठळक जागा देते, याचा माझ्यासारख्या जुन्या धावकाला आनंदच आहे. मात्र विजेत्यांच्या वेळा, सहभागींची संख्या आणि नवोदितांसाठी आहाराच्या सूचना यांपुढे हे लेखन सहसा जात नाही. पहिल्या पदकाचा फोटो घरोघर पाहायला मिळतो. तोच माणूस तीन-चार वर्षांनी धावताना का दिसत नाही, याची चौकशी कोणी करत नाही.

सोडून दिलेल्यांना विचारले तर उत्तरे दोनच मिळतात. एक तर गुडघा किंवा टाच दुखू लागली, नाही तर वेळ सुधारेनाशी झाली आणि मन उडाले. मला ही दोन्ही दुखणी एकाच मुळाची वाटतात. आपण किती धावलो आणि किती वेळात धावलो एवढेच मोजायची सवय लागते. कसे धावतो याकडे पाहायचे राहून जाते.

बहुतेक हौशी धावकांची अडचण एकच असते. वेग वाढवायचा म्हणून ते पाऊल लांब टाकतात, ते शरीराच्या बरेच पुढे, गुडघा जवळजवळ ताठ असताना जमिनीवर पडते आणि प्रत्येक पावलागणिक थोडा ब्रेक लागतो. धावताना पाय टेकतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार त्याला झेलावा लागतो, हे लक्षात घेतले तर तासाभरात या ब्रेकची किंमत किती होत असेल ते कळते. उपाय साधा आहे. पाऊल आखूड करावे आणि लय किंचित वाढवावी. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वेग तोच ठेवून पावलांची लय पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, असे दिसले होते. ज्याची लय मिनिटाला १६० पावले आहे, त्याने प्रथम १६८ च्या आसपास यावे आणि तेही रोजच्या धावण्यातील काही मिनिटेच. शरीराला ही सवय अंगवळणी पडायला कित्येक आठवडे लागतात; घाई केली तर गुडघ्याचे दुखणे पोटरीत उतरते.

समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींनी मात्र ‘मिनिटाला १८० पावले’ हा सर्वांसाठी नियमच करून टाकला आहे. हा आकडा जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकाच्या निरीक्षणातून आला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी शर्यतीच्या वेगात धावणाऱ्या जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंची पावले मोजली होती. सकाळी गप्पा मारत धावणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांना तो जसाच्या तसा लावणे योग्य नाही. एकच आदर्श ढब सर्वांना बसते, हेही खरे नाही. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ यांची मान धावताना सतत हलत असे, तरीही २००३ मध्ये लंडनला त्यांनी नोंदवलेला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा महिलांच्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम २०१९ पर्यंत अबाधित राहिला. ज्या सवयीने इजा होत नाही आणि दमही वाया जात नाही, तिला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपली ढब ओळखायला महागडे घड्याळ लागत नाही. मित्राला मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून बाजूने अर्धा मिनिट चित्रण करायला सांगावे. पायांचा आवाज ऐकावा. दमल्यावर तो ‘थप थप’ असा जड होऊ लागला की ढब मोडू लागल्याची ती खूण असते. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात हे सगळे उघड्यावर येते. चढावर माणूस कमरेत वाकतो, खांदे कानांपाशी जातात, मुठी आवळल्या जातात आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो. तिथे घोट्यापासून थोडे पुढे झुकून, हात सैल सोडून, छोटी पावले टाकणाऱ्याला तोच घाट वेगळा वाटतो. उतारावर मागे रेलून टाचा रोवणाऱ्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत, हे साताऱ्यात धावलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

यातूनच मी उत्साहाच्या प्रश्नाकडे येतो. वेळ कधी ना कधी सुधारायची थांबते आणि पुढे वयाप्रमाणे वाढतच जाते. ज्याची सारी ओढ घड्याळावर टांगलेली असते, त्याला त्या दिवशी धावण्याचे कारणच उरत नाही. ढबीवर काम करणाऱ्याजवळ मात्र शिकण्यासारखे काहीतरी कायम असते. या महिन्यात डावा हात छातीसमोरून आडवा जातो तो सुधारायचा, पुढच्या महिन्यात एका पायावरच्या बैठका आणि टाचा उचलण्याचा व्यायाम नियमित करायचा, आठवड्यातून दोनदा धावणे संपताना शंभर मीटरच्या चार-पाच सैल, चपळ धावा घ्यायच्या. साठीतही अशी प्रगती होते आणि ती अंगात जाणवते. बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या संथ गतीने धावावे आणि शक्यतो सोबत असावी. ठरलेल्या वळणावर कोणी वाट पाहत असेल तर थंडीतही अंथरूण सुटते.

आपल्याला विनंती अशी की, हंगामाच्या आधी अनुभवी प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून या विषयावर सलग काही लेख लिहून घ्यावेत. स्पर्धांच्या आयोजकांनीही सराव-धावांपैकी किमान एक सकाळ केवळ ढबीच्या तपासणीसाठी ठेवावी आणि पंचेचाळिशीपुढच्या धावकांना त्यात आवर्जून बोलवावे. तसेच शाळा-महाविद्यालयांची मातीची मैदाने पहाटे नागरिकांसाठी खुली व्हावीत, यासाठी आपल्या दैनिकाने आवाज उठवावा. भरधाव वाहनांकडे लक्ष ठेवत रस्त्याच्या कडेने धावणाऱ्याला, आणि विशेषतः अंधारात एकट्या बाहेर पडणाऱ्या महिलांना, स्वतःच्या पावलांकडे लक्ष देण्याची मोकळीक तिथेच मिळू शकेल.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ धावक, सातारा