वसाहतीची वही सांभाळणाऱ्या काकूंना अनावृत आभारपत्र

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

तुमच्या दारात उभे राहून आभार मानू लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. वसाहतीच्या सुरक्षेचे काम तुम्ही आता पुढच्या मंडळींच्या हाती देत आहात. या निमित्ताने तुम्ही नेमके काय केलेत ते कुठेतरी सविस्तर लिहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते. 'काकूंनी वसाहत सुरक्षित केली' एवढ्या एका वाक्यावरच ते राहिले, तर उद्या कोणीही चार कॅमेरे बसवील, एक रखवालदार वाढवील आणि तुमचेच काम पुढे चालवत असल्याचे समाधान मानील. तुमचे काम त्याहून फार वेगळे होते.

आमच्या घरी चोरी झाली तेव्हा ऐवज फारसा गेला नव्हता, परंतु आईच्या मनातली भीती जात नव्हती. ती रात्र-रात्र कडीकडे पाहत बसून राहायची. हळहळ व्यक्त करायला पुष्कळजण येऊन गेले. तुम्ही आलात आणि चोर आत कुठून आला, हे आधी विचारलेत. मागच्या खिडकीचे वाकवलेले गज पाहिलेत, मग बाहेर जाऊन तिच्यासमोर माजलेले झुडूप पाहिलेत आणि "हे असं असताना समोरच्यांना तरी काय दिसणार?" असे म्हणून ते त्याच संध्याकाळी छाटून घेतलेत. गज बदलणारा माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्याच बरोबर आला. तुम्ही तिथेच थांबल्या असतात, तरी आम्ही तुमचे ऋणी राहिलो असतो. तुम्ही मात्र आमच्या डाव्या-उजव्या, समोरच्या आणि मागच्या घरांत गेलात आणि त्यांना सांगितलेत की, एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता अधिक असते आणि पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. चोराला आत शिरण्याची वाट कळलेली असते, कोणत्या खोलीत काय आहे ते माहीत झालेले असते आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही तो ओळखून असतो.

हे मी नंतर मुद्दाम वाचले, तेव्हा तुमचे म्हणणे किती नेमके होते ते कळले. इंग्लंडमधील रॉचडेल शहरातल्या कर्कहोल्ट या वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरफोड्यांचा सुळसुळाट झाला होता. तेथे अभ्यासकांनी सरसकट सर्व घरांवर लक्ष न ठेवता, ज्यांच्याकडे चोरी झाली आहे अशाच घरांवर लक्ष केंद्रित केले. आत शिरण्याचे मार्ग पक्के करून दिले, नाण्यांवर चालणारे गॅसचे आणि विजेचे मीटर काढून टाकले, कारण त्यांतली रोकड चोरांना खुणावत असे, आणि त्या घराभोवतीच्या साधारण सहा कुटुंबांना त्याच्यावर नजर ठेवण्याची विनंती केली. एकाच घरात पुन्हा पुन्हा होणाऱ्या चोऱ्या काही महिन्यांतच जवळजवळ थांबल्या आणि पुढील तीन वर्षांत एकूण घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या.

आमच्याभोवती तुम्ही तसेच कडे उभे केलेत. समोरच्या घरातल्या मुलाने आपले अभ्यासाचे टेबल खिडकीपाशी ओढले, कारण तेथून आमचे मागचे दार दिसते. शेजारच्या वहिनींनी दुपारी एकदा आईशी बोलून जायचे ठरवले आणि ते आजवर एखादा अपवाद वगळता पाळले. मागच्या घरातल्या काकांनी रात्री आपला बाहेरचा दिवा सुरू ठेवायला सुरुवात केली. यात कोणालाही फार पदरमोड करावी लागली नाही की कोणाची झोप मोडली नाही. आईला मात्र झोप लागू लागली. त्यासाठी तुम्हा सर्वांचे आणि विशेषतः तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत.

अनोळखी माणूस दिसला की काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला होता. कोणी म्हणाले, फोटो काढून सर्वांना पाठवावा; कोणी म्हणाले, फाटक बंद करून अडवून ठेवावे. तुम्ही सांगितलेत की, जवळ जाऊन हसून विचारायचे, "कोणाकडे जायचंय?" या एका प्रश्नाची ताकद मला पुढे हळूहळू कळत गेली. ज्याला खरोखर कोणाकडे जायचे असते त्याला पत्ता मिळतो आणि या वस्तीत आपुलकीने विचारपूस होते, असा त्याचा ग्रह होतो. ज्याचा हेतू बरा नसतो, त्याला आपला चेहरा कोणीतरी जवळून पाहिला आहे एवढे कळले तरी पुरते. विचारणाऱ्याच्या मनात संशय असो वा नसो, शब्द तेच राहतात, त्यामुळे कोणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे सामान पोहोचवायला येणारी मुले, मीटर वाचायला येणारे कर्मचारी, घरकामाला येणाऱ्या ताई यांच्यापैकी कोणालाही या वसाहतीत चोरासारखे वागवले गेले नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

फोटो पाठवण्यावर तुम्ही घातलेली बंदी तेव्हा काहींना जाचक वाटली होती. परंतु अफवेचा भडका किती लवकर उडतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश मोबाइलवरून फिरत असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. मुलांच्या काळजीपोटी भयभीत झालेली माणसेच त्या जमावात असणार, आणि म्हणूनच ती घटना मला अधिक अस्वस्थ करते. तुमचा नियम साधा होता: संदेशात स्वतः पाहिलेले तेवढेच लिहायचे. वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक, कोणत्या दिशेने गेली. माणूस कोणत्या जातीचा, धर्माचा किंवा प्रांताचा 'वाटतो', याचा उल्लेख करायचा नाही. ऐकीव बातमी पुढे ढकलायची नाही. पाठलाग करायचा नाही, अंगावर जायचे नाही, ११२ वर फोन करून पोलिसांना कळवायचे आणि सुरक्षित अंतरावरून पाहत राहायचे. गेल्या वर्षी एका रात्री काही उत्साही मंडळी काठ्या घेऊन निघाली असताना तुम्ही फाटकापाशी उभ्या राहिलात आणि त्यांना परत पाठवलेत. त्या रात्री तुमच्यावर रागावलेल्यांपैकी दोघांनी मला हे पत्र लिहिताना आपलेही आभार कळवायला सांगितले आहेत.

आता त्या वहीविषयी. लांबट, पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली ती वही म्हणजे फोन क्रमांकांची यादी असावी, असे मला सुरुवातीला वाटत असे. तुम्ही आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलेत, आणि 'कोणीतरी बघा' असे म्हटले की कोणीच बघत नाही, हा तेथील अनुभव तुम्ही आम्हाला अनेकदा ऐकवला आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून हेच दिसले होते. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकू आल्यावर, तो ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते ते बहुतेक सर्वजण मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांशच तातडीने उठले. त्यांना काळजी नव्हती असे नाही; दुसरा कोणीतरी गेला असेल असे प्रत्येकाने धरून चालले होते. म्हणूनच तुमच्या वहीत प्रत्येक कामासमोर एक नाव असे आणि ती व्यक्ती बाहेरगावी गेली तर तिच्या जागी कोण, तेही लिहिलेले असे.

मीटरच्या खोलीत आग लागली, तेव्हा या वहीचा अर्थ सर्वांना कळला. धूर दिसताच ज्यांच्याकडे मेन स्विचची जबाबदारी होती त्यांनी, आगीजवळ न जाता बाहेरच्या पेटीतून, वीज तोडली. एकीने अग्निशमन दलाला फोन लावला आणि पत्ता, रस्त्यावरची खूण आणि बंब आत येण्यासाठी कोणते फाटक रुंद आहे, हे शांतपणे सांगितले. कोणीतरी धावत पाण्याची बादली आणली, तेव्हा तिसऱ्याने ती खाली ठेवायला लावली, कारण विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही हे तुम्ही आमच्याकडून अक्षरशः पाठ करून घेतले होते. कोरड्या पावडरचे नळकांडे कुठे टांगले आहे आणि त्याची पिन कशी ओढायची, हे दोन मुलांनाही ठाऊक होते. वरच्या मजल्यावरच्या आजींना जिन्याने खाली आणणारे दोघेजणही ठरलेले होते आणि लिफ्टकडे कोणी वळलेसुद्धा नाही. बंब पोहोचेपर्यंत आग आटोक्यात आली होती. अधिकाऱ्यांनी विचारले, "इथे सराव करून घेतं कोण?" तेव्हा तुम्ही मागे उभ्या राहून आजींना पाणी देत होतात.

ज्यांच्या घरी एकटी वृद्ध माणसे आहेत, त्यांच्यासाठी तुम्ही ठरवलेली खिडकीची खूणही येथे नोंदवायलाच हवी. सकाळी आठपर्यंत पुढची खिडकी उघडलेली दिसली नाही, तर शेजाऱ्याने दार वाजवायचे आणि उत्तर आले नाही, तर ठेवायला दिलेल्या किल्लीने दार उघडायचे. याच खुणेमुळे कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा न्हाणीघरात पडलेले वेळेवर सापडले. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात आलेल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. पुढे समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी तेथील दोन लगतच्या वस्त्यांचा अभ्यास केला. दोन्हींत गरिबी होती आणि एकट्या वृद्धांचे प्रमाणही साधारण सारखेच होते, तरी मृत्यूच्या दरात जवळपास दहापट फरक पडला होता. जिथे रस्ते गजबजलेले होते आणि म्हाताऱ्या माणसांचे घराबाहेर येणे-जाणे होते, तिथे माणसे वाचली. जिथे रस्ते ओस पडले होते आणि भीतीमुळे वृद्धांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या, तिथे त्यांची चौकशी करायला कोणी आले नाही. चोराच्या भीतीने बंद केलेल्या खिडक्याच कधी कधी जिवावर बेततात. तुम्ही आईला पुन्हा खिडकी उघडायला लावलीत, ते मला आता अधिक मोलाचे वाटते.

हे सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. 'भाडेकरूंना कशाला बोलवायचे, ते आज आहेत आणि उद्या नाहीत,' असा आक्षेप घेतला गेला. तुम्ही त्या विद्यार्थ्यांच्या खोलीवर स्वतः गेलात आणि त्यांची नावे वहीत सर्वांच्या बरोबरीने लिहिलीत. गाड्या लावण्यावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या दोन घरांना तुम्ही एकमेकांच्या किल्ल्या सांभाळायला दिल्यात. ते धाडसच होते आणि मला स्वतःला तेव्हा ते पटले नव्हते. बंद पडलेल्या दोन रस्त्यावरच्या दिव्यांसाठी तुम्ही अर्जामागून अर्ज केलेत, प्रत्येकाची पोचपावती जपून ठेवलीत आणि दिवे लागल्यावर संबंधित कार्यालयाला आभाराचे पत्रही पाठवलेत. ज्यांनी तुम्हाला 'रिकामा उद्योग' म्हणून हिणवले, त्यांचीही नावे वहीतून तुम्ही कधी खोडली नाहीत. त्यांच्या घरी कोणाला कोणते औषध चालत नाही, हे तुम्ही त्यांच्याही नावापुढे लिहून ठेवलेत.

काकू, यापुढे वहीची जबाबदारी दोघांकडे आहे, एक तुमच्या शेजारचा विद्यार्थी आणि दुसरी मी. आम्ही सर्व घरी जाऊन फोन क्रमांक पुन्हा तपासून घेतले आहेत, बदललेली नावे खोडून नवी लिहिली आहेत आणि अग्निशामक नळकांड्याची मुदत संपत आल्याने ते भरून आणायला दिले आहे. नव्याने राहायला आलेल्या तीन कुटुंबांशी अजून नीट ओळख व्हायची आहे. त्यांच्याकडे पहिल्या भेटीला आम्हा दोघांबरोबर तुम्ही याव्यात, एवढी विनंती आहे. शनिवारी संध्याकाळी तुम्हाला जमेल का, ते कळवावे.

तुमचे आणि तुमच्या हाकेला ओ देणाऱ्या वसाहतीतील प्रत्येकाचे, माझ्या आईच्या व आमच्या सर्व कुटुंबाच्या वतीने मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
तुमची शेजारीण