पिकअप बदलण्याआधी

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तुझ्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग, तुला बदलायचाय. ब्रिजला, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या टोकाला, मोठ्या कंपनीचा तयार हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) घेऊ की एखाद्या कारागिराकडून हाताने गुंडाळलेला बुटीक पिकअप मागवू, असं तू विचारलंस. उत्तर आधीच देऊन टाकतो. ब्रिजला कंपनीचा घे. नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेकडच्या पिकअपचं, मात्र घाईने ठरवू नकोस. बुटीकची हौस करायचीच असेल तर ती तिथे कर, आणि तीही दोन-चार महिने थांबून.

असं का म्हणतो, ते सांगतो. बुटीकवाले ज्या आवाजाच्या मागे आयुष्यभर धावतात, तो मुळात कारखान्यातला माल आहे. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हरने हंबकर बनवला, १९५५मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि पेटंट मिळालं १९५९मध्ये. मधल्या काळात पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिकटपट्टी लावायचे, म्हणून ते पीएएफ, 'पेटंट अप्लाइड फॉर'ची आद्याक्षरं. एका कॉइलवर तारेचे साधारण ५,००० वेढे अपेक्षित होते. पण सुरुवातीच्या यंत्रांना ठरलेल्या आकड्यावर आपोआप थांबायची सोय नव्हती. कॉइल भरलीशी वाटली की यंत्रावरची बाई ते थांबवायची. चुंबकही हाती येईल तो, अल्निको या मिश्रधातूचा, कधी २ नंबरचा, कधी ५. म्हणून एक पीएएफ दुसऱ्यासारखा वाजत नाही, आणि त्यातले जे काही अप्रतिम निघाले त्यांच्याच नकला आज लोक जीव ओतून करतात. काही जण तर त्या काळची यंत्रं शोधून त्यांच्यावरच गुंडाळतात. मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर आहे. पण 'कारखान्याचं म्हणजे निर्जीव' हे मात्र मला पटत नाही.

उलटंही बघ. आज ज्यांना आपण 'मोठी कंपनी' म्हणतो, ते एकेकाळचे कारागीरच. लॅरी डिमार्झिओने १९७२मध्ये सुपर डिस्टॉर्शन नावाचा पिकअप काढला, तेव्हा मूळ पिकअप काढून दुसरा बसवायचा ही कल्पनाच नवी होती. सेमूर डंकन जुने पिकअप दुरुस्त करत, पुन्हा गुंडाळत शिकला आणि १९७६मध्ये त्याने कंपनी काढली. त्या कंपनीच्या जेबी मॉडेलची मुळं त्याने गिटारवादक जेफ बेकसाठी केलेल्या कामात आहेत. म्हणजे तू दुकानातून आणशील त्या डब्यातही कुणाचा तरी कान आहेच. फक्त तो आधीच ठरून गेलाय, तुला विचारून ठरलेला नाही.

हाताने गुंडाळल्याने नेमकं काय होतं, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. एका कारागिराशेजारी अख्खी दुपार बसलो होतो. ४२ गेजची तार, जाडी जेमतेम ०.०६३ मिलिमीटर, केसाहूनही बारीक वाटणारी. बोटांच्या चिमटीतून ती सरकत असते आणि तो हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत राहतो, कधी सलग, कधी मुद्दाम वेडावाकडा. साडेतीन हजार वेढ्यांच्या आसपास तार तुटली. आवाजसुद्धा झाला नाही, चिमटीतला ताण तेवढा नाहीसा झाला. त्याने शांतपणे सगळं सोडवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. असे विस्कटलेले वेढे एकमेकांना जरा कमी चिकटतात, वेढ्यांमधली कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, घटते आणि वरचे सूर थोडे मोकळे होतात. हे खरं आहे. पण केबलचीही कपॅसिटन्स असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅराड. म्हणजे तुझ्या सहा मीटरच्या केबलने वरच्या सुरांवर जो पडदा पडतो, त्यापुढे गुंडाळणीचा फरक फारच थोडा. माझी तीन मीटरची केबल दोन दिवस लावून बघ.

किलोओहमच्या, म्हणजे कॉइलची तार विजेला किती विरोध (रेझिस्टन्स) करते त्या, आकड्यावर तर मुळीच जाऊ नकोस. तू लिहिलंस, '१६ किलोचा पिकअप म्हणजे ८च्या दुप्पट आवाज'. तसं नसतं. तार बारीक घेतली की वेढे तेवढेच राहूनही रेझिस्टन्स वाढतो. खोली दहा अंशांनी तापली तरी ८.० किलोचा पिकअप ८.३ दाखवतो, आवाज मात्र तोच. बघायचाच तर इंडक्टन्सचा, म्हणजे कॉइल विजेतल्या बदलाला किती अडवते त्याचा, आकडा बघ; तो हेन्रीत असतो. पीएएफ पद्धतीचा हंबकर चार-साडेचार हेन्रीच्या आसपास असतो, जेबीसारखा जोरकस आठच्या जवळ जातो. हेन्री वाढले की आवाज जाड होतो आणि वरचं टोक खाली येतं. तुझी तक्रार काय, तर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) लावलं की खर्जाच्या तारा गढूळ होतात. मग आणखी जोरकस पिकअप लावून ते गढूळपण वाढेलच. तुला वेढे कमी हवेत. कंपन्यांच्या यादीत जुन्या पीएएफच्या धर्तीवरचे, आठ किलोच्या आसपासचे, अल्निको ५ चुंबकाचे ब्रिज पिकअप असतात, डंकनचा ५९ त्यातलाच. तसला घे. नाहीच आवडला तरी हजारो लोक ओळखतात तो, सहज विकला जाईल. कारागिराकडून खास करून घेतलेल्याला दुसरा धनी मिळणं कठीण असतं.

आता माझी चूक सांगतो, कारण तीच तुझ्या हातून होऊ नये असं वाटतं. पाच वर्षांपूर्वी मी फार मन लावून एक बुटीक जोडी मागवली, चार महिने वाट पाहिली. बसवली, ॲम्प लावला, आणि आवाज कांबळं पांघरल्यासारखा. रात्रभर उंची वर-खाली करत बसलो. रडू येईल असं वाटलं. जोडी काढून कपाटात ठेवली आणि करणाऱ्याबद्दल मनात अढी धरली, हे आज लिहितानाही वाईट वाटतं. दीड वर्षाने व्हॉल्यूम खरखरायला लागला म्हणून पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे रेझिस्टर, काढले. दोन्हींवर २५० किलोओहम छापलेलं. ते सिंगल कॉइलला, एकाच कॉइलच्या पिकअपला, शोभतात. हंबकरला ५०० लागतात, नाहीतर वरचा झंकार तिथेच जिरतो. ५००चे नवे आणले तर त्यातला एक मल्टिमीटरवर ४०५ निघाला. वीस टक्के इकडेतिकडे चालतं म्हणे, म्हणून चार आणून त्यातले दोन निवडले. ते डागले आणि आधी गिटारचे जुनेच पिकअप लावून पाहिले. तेसुद्धा स्वच्छ, खणखणीत वाजत होते. दोष पॉटचा होता, पिकअपचा नव्हताच.

म्हणून काहीही मागवण्याआधी हे कर. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून धर आणि तार ते पोल पीस (पिकअपवरचे तारांखालचे लोखंडी खुंट) अंतर मोज. ब्रिजला १.६ मिलिमीटरच्या आसपास, नेकला २.४च्या आसपास ठेव आणि तिथून कानाने ठरव. खर्जाची बाजू पाव-पाव फेऱ्याने उतरव, दर वेळी तेच चार स्वरमेळ त्याच जोराने वाजव. गढूळपण कमी होत गेलं, तर अर्धं दुखणं तिथेच होतं असं समज. मग पॉट मोज.

नेकला मात्र मी बुटीक का म्हणतो? ब्रिजचा पिकअप डिस्टॉर्शनमध्ये बुडतो, बारीक फरक तिथे ऐकू येत नाहीत. नेकपाशी तारेचं कंपन मोठं असतं, खर्ज आपोआप भरून येतो आणि तू तिथे स्वच्छ, हळू वाजवतोस. तिथे कारागिराचा खरा उपयोग आहे, आणि तो तारेपेक्षा संभाषणात आहे. माझ्या नेक पिकअपसाठी कारागिराने काय काय विचारलं: तारा किती गेजच्या, केबल किती लांब, कोणत्या सुरावर कान खटकतो, ॲम्पजवळ किती आवाजात उभा राहतोस. मी म्हटलं, बी तारेचा स्वर बाकीच्यांच्या मागे लपतो. त्याने दोन कॉइलमध्ये वेढ्यांचा फरक ठेवला, चुंबकाचा जोर थोडा उतरवला, आणि मेणात बुडवलं नाही, कारण मी फार मोठ्या आवाजात वाजवत नाही. तू बँडबरोबर वाजवतोस, तुझा मेणात बुडवलेलाच हवा, नाहीतर ॲम्पसमोर शिट्टी मारेल. ती बी तार आता ऐकू येते, निखिल. रोज संध्याकाळी वाजवताना मला त्याचा आनंद होतो. पण खटकणारा सूर कोणता, हे सांगता येईपर्यंत मला साडेतीन वर्षं लागली. तुला एवढी लागणार नाहीत, पण या आठवड्यात तुझ्याकडे ते वाक्य नाही.

एक शेवटचं. सोल्डर काढण्याआधी सगळ्या जोडण्यांचा फोटो काढ. पुढे नेकला दुसऱ्या बनावटीचा पिकअप आला तर रंगांवर विसंबू नकोस. डंकनची काळी वायर सिग्नलची असते, डिमार्झिओमध्ये तेच काम लाल करते; हिरवी दोघांकडे ग्राउंडला जाते. एका पिकअपचे सिग्नल आणि ग्राउंड उलटे लागले तर एकेकटे पिकअप नीट वाजतील, पण स्विचच्या मधल्या जागी दोन्ही मिळून आवाज पातळ, पोकळ येईल. तसं झालं तर घाबरू नकोस, एकाच पिकअपच्या सिग्नलच्या आणि ग्राउंडच्या वायरी अदलाबदल कर. वेष्टण नसलेली उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू दे.

उंचीचे आकडे आणि पॉटचं मोजमाप कळव. वाट पाहतो.

तुझा,
अनिरुद्ध